पिक काउंटरची २४एलसी२५६ पाच दिवसांत का मरते, आणि तिच्यात नीट कसं लिहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांवर नॅनो (छोटा आर्डुइनो बोर्ड) आणि २४एलसी२५६ (वीज गेली तरी आकडे जपणारी ईईपीरॉम मेमरी चिप) वापरून पिक काउंटर, म्हणजे विणताना पडणारा प्रत्येक आडवा धागा (पिक) मोजणारं यंत्र, बसवलेत. दर सेकंदाला सोळा बाइटची नोंद चिपमध्ये जाते. चार-पाच दिवसांत चिप बाद होते, मधूनच पिक चुकतात आणि लाइट गेली की आकडा कधी मागं जातो तर कधी थेट शून्य होतो. चिप डुप्लिकेट आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

चिपवर संशय घ्यायची गरज नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

तुमचा कोड एकेक बाइट पाठवतो आणि प्रत्येकानंतर पाच मिलिसेकंद थांबतो. नॅनो आणि चिप यांना जोडणाऱ्या आय२सी तारेवरून १०० किलोहर्ट्झवर एक बाइट जायला ९० मायक्रोसेकंद लागतात. डिव्हाइसचा पत्ता, आतल्या पत्त्याचे दोन बाइट आणि डेटाचा एक, म्हणजे ०.३६ मिलिसेकंद, वर पाचची विश्रांती. असं सोळा वेळा केलं की जवळपास ८६ मिलिसेकंद. तेवढा वेळ लूप अडकून असतो, आणि त्यात सेन्सरसमोरून मागाचा फिरता बोल्ट गेला तर तो पिक मोजायचा राहिला. म्हणून पिक मोजणं आधी इंटरप्टवर घ्या, म्हणजे सेन्सरची खूण येताच प्रोसेसर हातातलं काम थांबवून तो पिक मोजेल. चार बाइटचा काउंटर मुख्य लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, नाहीतर अर्धा जुना अर्धा नवा आकडा हाती येतो.

आता झीज. या चिपची हमी दहा लाख वेळा लिहिण्याची आहे, पण ती बाइटला नाही, पानाला आहे. पान म्हणजे चिपमधला ६४ बाइटचा एक गट. तुम्ही एकच बाइट लिहिला तरी चिप आतून पूर्ण पान पुन्हा लिहिते. डेटाशीटमध्ये हे स्पष्ट दिलंय, पण फार कमी लोक तिथपर्यंत वाचतात. तुमची नोंद कायम एकाच पत्त्यावर जाते. आठ तासांच्या पाळीत २८,८०० सेकंद, गुणिले सोळा, म्हणजे एका पानावर एका पाळीत ४,६०,८०० झिजा. सव्वादोन पाळ्यांत हमी संपली. पाच दिवस टिकली म्हणजे चिप चांगलीच निघाली म्हणायची. दहा लाखांचा आकडाही २५ अंशांवरचा आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बंद डब्यात काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको.

झिजलेली चिप लगेच चूक दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. प्रत्येक लिखाणात पातळ ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन आरपार ढकलले जातात आणि त्यातले काही तिथंच अडकतात. मग लिहिल्या-लिहिल्या वाचलं तर बरोबर येतं, आणि रात्रभर बंद ठेवून सकाळी वाचलं तर बिट पलटलेला असतो. त्यामुळं ‘लिहून लगेच तपासलं, ठीक होतं’ हा पुरावा धरू नका.

उपाय पानानं लिहिण्यापासून सुरू होतो. सोळाही बाइट एकाच ट्रान्समिशनमध्ये पाठवा: एकूण १९ बाइट, १.७ मिलिसेकंद, वर जास्तीत जास्त पाच. ८६ चे सात झाले, आणि सोळा झिजांची एक. ४०० किलोहर्ट्झ केलंत तर तारेवरचा वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत येतो. डिले ५ काढून टाका. त्याऐवजी चिपला फक्त पत्ता पाठवून वायर लायब्ररीतल्या (आय२सीसाठीचा आर्डुइनोचा तयार कोड) एंड-ट्रान्समिशन फंक्शनचं उत्तर बघत राहा. २ आलं तर चिप अजून कामात आहे, ० आलं की मोकळी झाली. मात्र या फेऱ्यांना मर्यादा घाला, दहा मिलिसेकंदांची. चिप सुटली किंवा तार तुटली तर प्रोग्रॅम तिथंच लटकायला नको.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण पडतात. नॅनोवरच्या वायर लायब्ररीचा बफर ३२ बाइटचा आहे. पत्त्याचे दोन गेले की डेटाला ३० उरतात. म्हणून लोक ३०-३० चे तुकडे पाठवतात. पहिला तुकडा ० ते २९, दुसरा ३० ते ५९, तिसरा ६० पासून. ६३ व्या बाइटला पान संपतं. चिप पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला वळते. मग उरलेले २६ बाइट तुमच्या पहिल्या २६ बाइटवर चढतात, आणि कुठंही एरर येत नाही. ६४ ला पूर्ण भाग जाईल असाच तुकडा ठेवा: ८, १६ किंवा ३२. बफरमुळं ३२ बसत नाही, म्हणून १६. तुमची नोंद नेमकी सोळाची आहे, हे चांगलंच झालं.

नोंदीची रचना अशी करा: अनुक्रमांक ४ बाइट, पिक ४, वेळ ४, माग क्रमांक १, पाळी १ आणि शेवटी सीआरसी २ (बाकीच्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा; नोंद बिघडली तर तो जुळत नाही). प्रत्येक नवी नोंद नव्या जागी जाते, अनुक्रमांक एकनं वाढतो. ३२,७६८ बाइटमध्ये २,०४८ नोंदी मावतात. भरल्या की पुन्हा पहिल्यापासून.

पण नोंदी सलग ठेवू नका. लिहिताना पूर्ण पान पुन्हा लिहिलं जातं, त्यामुळं मधेच वीज गेली तर त्याच पानावरच्या जुन्या नोंदीही बिघडू शकतात. सलग मांडल्या तर आताची अर्धवट आणि मागची चांगली अशा दोन्ही एकदम जातील. म्हणून दर नोंद वेगळ्या पानावर टाका. एकूण पानं ५१२. अनुक्रमांकाला ५१२ नं भागून जी बाकी उरते तो पान क्रमांक, त्याला ६४ नं गुणा. भागाकाराला पुन्हा ४ नं भागून उरलेली बाकी गुणिले १६ त्यात मिळवा. हा तुमचा पत्ता. पान खराब झालं तरी लगतची नोंद शेजारच्या पानावर शाबूत राहते.

हिशेब बघा. दर सेकंदाला लिहिलं तरी पाळीत एका पानाच्या वाट्याला ५६ झिजा येतात. दहा लाखांना १७,७०० हून जास्त पाळ्या, रोजच्या दोन धरल्या तर २४ वर्षं. दर सेकंदाला लिहायची तशी गरजही नाही. चालू आकडा रॅममध्ये ठेवा, मिनिटाला एक नोंद पुरे.

सुरू होताना सगळ्या नोंदी वाचा. ४०० किलोहर्ट्झवर साधारण एका सेकंदाचं काम आहे. सीआरसी जुळते आणि अनुक्रमांक सर्वांत मोठा, ती नोंद खरी. कोऱ्या चिपमध्ये सगळे बिट १ असतात, ती नोंद वेगळी ओळखून टाळा.

आकडा शून्य का होतो तेही यातच आहे. ६५,५३५ नंतरचा पिक पडतो तेव्हा चारही बाइटपैकी खालचे दोन सगळे एक असतात ते सगळे शून्य होतात, आणि मग तिसरा बाइट १ होतो. दोन बाइट लिहून झाल्यावर लाइट गेली तर चिपमध्ये उरतं शून्य. सीआरसी असती तर ही नोंद नाकारली गेली असती.

मिनिटाला एकदा लिहायचं तर लाइट जाताना शेवटचे शंभर-सव्वाशे पिक बुडतील, आणि कारागिराची मजुरी त्या आकड्यावर असते. तेव्हा हे काम हार्डवेअरनं पुरं करावं लागतं. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरनंतर ४००७ डायोड, त्यानंतर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, मग ७८०५ (पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर), आणि त्याचे पाच व्होल्ट नॅनोच्या ५व्ही पिनला. प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि रिले डायोडच्या आधीच जोडा, म्हणजे ते कपॅसिटर रिकामा करणार नाहीत.

वीज गेल्याची खूणही डायोडच्या आधीच घ्या. वरचा रेझिस्टर ८२ के, खालचा १० के, मधला बिंदू डी७ ला. नॅनोच्या आत अ‍ॅनालॉग कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग) आहे. त्याला आतला १.१ व्होल्टचा संदर्भ जोडला की इनपुट १० व्होल्टच्या आसपास उतरताच इंटरप्ट येतो. तोवर कपॅसिटरवर ९.३ व्होल्ट असतात, ७८०५ ला सात लागतात. बॅकलाइट बंद करून बोर्ड ४० मिलिअँपिअर घेत असेल तर हातात सुमारे ५७ मिलिसेकंद येतात. जुन्या पद्धतीचे ८६ यात बसत नव्हते. सातची नोंद आरामात बसते, कपॅसिटर उन्हाळ्यांनी अर्धा झाला तरी.

इंटरप्टच्या आत मात्र चिपला हात लावू नका. वायर लायब्ररी स्वतः इंटरप्टवर चालते, आतून बोलावली की अडकून बसते. तिथं फक्त एक खूण उभी करा आणि लूपमध्ये सर्वांत आधी ती तपासा. लूपमध्ये कुठंही लांब डिले नको. व्होल्टेज नुसतं झुकून परत आलं तर एक सेकंद सलग ठीक दिसेपर्यंत दुसरी नोंद करू नका.

ब्राउनआउटची पातळी, म्हणजे ज्या व्होल्टेजखाली प्रोसेसर स्वतःला थांबवतो ती, नॅनोवर सहसा २.७ व्होल्ट असते. १६ मेगाहर्ट्झला ती फार खाली आहे. व्होल्टेज उतरताना प्रोसेसर भरकटतो आणि कुठंही काहीही लिहू शकतो. यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर लावून एक्सटेंडेड फ्यूज (प्रोसेसरच्या आतली कायमची सेटिंग) हेक्स एफसी करा, पातळी ४.३ होते. चिपची डब्ल्यूपी (लिखाण रोखणारी) पिन लोंबकळत सोडू नका: १० के नं पाच व्होल्टला ओढा आणि फक्त लिहिताना नॅनोच्या पिननं शून्य करा. चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड हवाच.

नवे बोर्ड करणार असाल तर ईईपीरॉमऐवजी एफरॅम जातीची मेमरी चिप घ्या, एमबी८५आरसी२५६व्ही. तेवढीच ३२ केबी, पाच व्होल्टवर चालते, पत्त्याची पद्धत तीच, लिहून थांबावं लागत नाही, पानाची भानगड नाही, आणि सहनशक्ती एक लाख कोटी वेळांची. महाग आहे, पण मागावर तीच शोभते. सीआरसी आणि वीज जाण्याची खूण मात्र तिलाही लागते, कारण नोंद अर्धवट राहायची शक्यता तिथंही आहे.

बसवण्याआधी टेबलावर पन्नास वेळा प्लग काढा. मोकळी पिन इंटरप्टमध्ये वर आणि नोंद संपल्यावर खाली करा. ऑसिलोस्कोपवर ती पिन आणि पाच व्होल्टची लाइन सोबत बघा. पिन खाली आल्यानंतर पाच व्होल्ट किमान २० मिलिसेकंद टिकले पाहिजेत. त्याहून कमी दिसले तर कपॅसिटर २२०० चा करा.