किहीममध्ये किहीमकर का सापडत नाही?

प्रश्न : आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकेत एक ग्रुप फोटो सापडला, मागच्या बाजूला पेन्सिलने सगळ्यांची आडनावं लिहिलीयत. कुलकर्णी, जाधव, डिसोझा वगैरे कळतं, पण दुसऱ्या रांगेत एक 'किहीमकर' आहेत. हे आडनाव आमच्या घरात कुणीच कधी ऐकलेलं नाही. कुठलं आहे हे, कुणाचं आहे, आणि आता असे लोक सापडतात कुठे?

उत्तर : गाव शोधणं सोपंय. अलिबागच्या उत्तरेला समुद्राकाठी किहीम आहे, मुंबईकर शनिवार-रविवार जिथे जातात ते बीचवालं किहीम. तुमच्यासारखंच मलाही एकदा या आडनावाचं कुतूहल वाटलं होतं म्हणून तिकडे गेल्यावर एका दुकानात मी अगदी भोळेपणाने विचारलं की इथे किहीमकर कुठे राहतात, तर गल्ल्यावरच्या मावशी हसायलाच लागल्या, म्हणे अहो इथले आम्ही सगळेच किहीमकर, तुम्हाला नक्की कोण पाहिजे? तेव्हा लख्ख डोक्यात शिरलं की असली आडनावं त्या गावात शोधायचीच नसतात. किहीममध्ये राहणाऱ्याला कुणी किहीमकर कशाला म्हणेल, तिथे तो घरावरून नाहीतर धंद्यावरून ओळखला जाणार. तो पेणला गेला, मुंबईला गेला, की तिथले लोक विचारणार कुठले तुम्ही, आणि मग 'कर' चिकटणार. म्हणजे हे आडनाव माणूस कुठे राहतो ते सांगत नाही, कुठून निघाला ते सांगतं.

आता कुणाचं. गावाच्या नावावर कुणा एकाची मक्तेदारी नसते हे आधीच सांगून ठेवतो, पण किहीमकर म्हटलं की माहितगार माणसाला पहिल्यांदा आठवतात ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना नवगावला पुरलं. हे नवगाव किहीमच्या शेजारीच आहे, तिथे त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आजही बघायला मिळतं. वाचलेल्यांच्या वंशजांनी आसपासच्या गावांत तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, कारण तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, म्हणून गावकऱ्यांनी नाव पाडलं 'शनवार तेली'. बाकी कपडेलत्ते, भाषा सगळं इथलंच. नावंसुद्धा इतकी मराठी करून घेतली की शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी आणि इसहाकचा इसाजी. कागदावर सामाजी हसाजी असं वाचलं तर तुम्ही डोळे मिटून म्हणाल हा शिवकालीन सरदार असणार.

आणि मग गावांवरून आडनावं. रोहेकर, पेणकर, आष्टमकर, नवगावकर, झिराडकर, आवासकर, चेऊलकर, राजपूरकर, वाक्रुळकर, अशी शंभराहून जास्त आहेत. एखाद्या दिवशी जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा घेऊन या नावांवर बोट ठेवत बसा, मी बसलोय, वेळ कसा जातो कळत नाही. किहीम, नवगाव, आवास, झिराड ही तर एकमेकांना लागूनच असल्यासारखी, सायकलवर एका सकाळीत चारही होतील. म्हणजे पिढ्यानपिढ्या हे लोक एकेका गावात दोन-चार घरं करून विखरून राहिले, गावात तेल किती लागणार, एका गावाला एखाददुसरा घाणा पुरे. आडनाव दुर्मिळ असण्याचं पहिलं कारण इथेच आहे बघा. मुळात समाज लहान, त्यात तो शंभर गावांत वाटलेला, आणि त्यातल्या एका गावाच्या दोन-चार घरांचं हे आडनाव.

चेऊलकर वाचून काहींना शंका येईल की गाव तर चौल आहे. बरोबर, पण चौलला पूर्वी चेऊलच म्हणायचे, आडनावात तो जुना उच्चार तसाच राहून गेला. किहीमकरांचंही इंग्रजी स्पेलिंग बहुतेकदा 'Ke'ने सुरू होतं त्यामुळे मराठीत परत लिहिताना कुणी केहीमकर लिहितं कुणी किहीमकर, कुणी पहिली वेलांटी तर कुणी दुसरी. शोधताना सगळी रूपं शोधा. झिराडकरांची तर वेगळीच तऱ्हा, त्यातल्या काहींनी 'कर' टाकूनच दिला आणि नुसतं झिराड लावलं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या, १९६६ ला पद्मश्री मिळालेल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचं आडनाव म्हणजे अख्खं गावच आहे.

आता तुमच्या फोटोतले किहीमकर रेल्वेत कसे पोचले. अठराव्या शतकात बेने इस्रायली मुंबईकडे सरकायला लागले, कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले, सुभेदार-जमादार झाले. नंतर मुलं शिकली आणि पलटणीच्या जोडीला रेल्वे, गोदी, कस्टम, पोस्ट, हॉस्पिटलं अशा नोकऱ्या आल्या. घाण्याचा धंदा मागे पडला, आणि नोकरीमागे आडनाव फिरायला लागलं. पुणे, अहमदाबाद, अजमेर, दिल्ली, पार कराची आणि एडनपर्यंत. कराचीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८९३ साली ज्यांनी बांधलं त्यांचं नाव सॉलोमन डेव्हिड उमरडेकर, आता सांगा, कराचीत उमरडेकर! त्यामुळे रेल्वेच्या ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत किहीमकर दिसले याचं मला तरी काहीच नवल वाटत नाही, उलट तोच फोटो माझ्या हातात असता तर बाकीच्या नावांतही 'सॅम्युअल' किंवा 'मोझेस' अशी नुसती नावं आहेत का ते आधी बघितलं असतं.

कारण दुर्मिळ असण्याचं दुसरं कारण तेच आहे. शहरात आल्यावर अनेकांनी गावाचं आडनाव वापरणंच सोडलं आणि बापाचं किंवा आजोबांचं नाव आडनावासारखं लावायला सुरुवात केली, म्हणजे सॅम्युअल, इझिकिएल, आयझॅक, बेंजामिन. सिनेमातले डेव्हिड आठवतायत? त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर नुसतं डेव्हिड. घरातल्या कागदपत्रांत, लग्नाच्या दाखल्यावर, कबरीच्या दगडावर 'कर' असतो आणि ऑफिसात नसतो असं कितीतरी घरांत आहे, त्यामुळे हे आडनाव जितकं दुर्मिळ दिसतं तितकं ते प्रत्यक्षात असेलच असं नाही, बरंचसं झाकलेलं आहे.

आणि तिसरं कारण इस्रायल. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. भारतात त्या सुमाराला वीस हजारांच्या आसपास असलेले हे लोक आता पाच हजारांहून कमी उरलेत. इस्रायलमध्ये ते लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांत जाऊन वसले. तिकडे गेल्यावरही सरळ नव्हतंच सगळं, हे खरे ज्यू का असा प्रश्न तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत काढला, त्यावर आंदोलनं झाली, आणि १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं मान्य झालं. गंमत अशी की कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणून वेगळं ओळखलं त्यांना तिकडे भारतीय म्हणून वेगळं ओळखलं. पण 'कर' टिकला. तिकडे मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिकही निघालं. तेव्हा आज किहीमकर कुठे सापडतात याचं एका दमात उत्तर द्यायचं तर मुंबई, ठाणे आणि इस्रायल, आणि ते आडनाव ज्या गावाचं आहे त्या गावात जवळजवळ नाहीच.

दोन किहीमकर मात्र तुम्हाला माहीत असायलाच हवेत. एक हाईम सॅम्युअल किहीमकर, जन्म १८३०. भावंडांना बरोबर घेऊन त्यांनी १८७५ ला मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. बेने इस्रायलींचा पहिला मोठा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला, तो १८९७ मध्ये लिहून झाला आणि छापून आला थेट १९३७ मध्ये, तोही तेल अवीवला, म्हणजे चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! लेखक तोवर केव्हाच गेलेले. दुसरे आपल्या काळातले, आयझॅक किहीमकर, फुलपाखरांवरच्या पुस्तकांमुळे निसर्गाच्या नादी लागलेल्या सगळ्यांना माहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आणि त्याच सोसायटीच्या सलीम अलींनी १९३० च्या सुमाराला सुगरण पक्ष्याचा त्यांचा गाजलेला अभ्यास केला होता तो कुठे? किहीमला. असल्या योगायोगाचं काही करता येत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रश्न : मागे तुम्ही बेने इस्रायली आडनावांत दिवेकर असल्याचा ओझरता उल्लेख केला होतात. आमचं आडनाव दिवेकर. घरात गणपती बसतो, मुंजी होतात. आता आमच्या मुलाने डोकं खाल्लंय की आपण ज्यू आहोत का?

उत्तर : नाही हो, मुलाला शांत करा. दिवे नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत, सासवडजवळ आहे, श्रीवर्धनकडे दिवेआगर आहे, आणि त्या प्रत्येक गावातून ब्राह्मण निघाला तरी दिवेकर, मराठा निघाला तरी दिवेकर, कोळी निघाला तरी दिवेकरच. 'कर' जात विचारत नाही, धर्मही विचारत नाही, फक्त गाव विचारतो. आडनावावरून जात ओळखणारे जे हुशार लोक प्रत्येक लग्नात भेटतात ना, त्यांची विकेट 'कर'वाल्यांपुढे हमखास पडते.

मुलाला सांगायला गोष्ट मात्र झकास आहे. कंपनीच्या पलटणीत एक सामाजी हसाजी दिवेकर होते, म्हणजे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटले, आणि जिवंत सुटलो म्हणून १७९६ साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं ते पहिलं. त्या रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट म्हणतात तो त्यांच्याच नावाने. बेने इस्रायली सिनेगॉगला मराठीत बिनदिक्कत मशीद म्हणायचे, ही झाली 'जुनी मशीद', आणि हार्बर लाइनचं मस्जिद स्टेशन त्यावरूनच पडलं असंही सांगतात.

प्रश्न : सगळेच 'कर' गाव सोडून गेलेल्यांचे असतात का? निंबाळकर तर फलटणचे राजेच होते, ते कुठे गेले?

उत्तर : पकडलंत. नाही, सगळे नाही. निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावी राहिले म्हणून निंबाळकर. वतनदार माणसाला त्याच्या हाताखालच्या गावाचं नाव मिळतं, पोटासाठी बाहेर पडलेल्याला मागे राहिलेल्या गावाचं. 'कर' दोघांचा सारखाच दिसतो. आणि काहींनी तर ठरवून घेतलाय, मा. दीनानाथांच्या घराण्यात हर्डीकर आडनाव होतं, त्यांनी मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं. आज त्या हर्डीकरांचं कुणाला आठवतंय?

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या नावापुढे एका कागदावर रोहेकर आहे आणि बाकी सगळीकडे नुसतं 'मोझेस'. शोध घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

उत्तर : पहिलं म्हणजे कुलाबा शब्दाने फसू नका. जुन्या कागदावर 'जिल्हा कुलाबा' असेल तर तो मुंबईचा कुलाबा नाही, आत्ताचा रायगड, नाव १९८१ ला बदललं. राजपुरी, मुरुड ही गावं तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात, त्यामुळे त्यांचे कागद वेगळ्या दप्तरात. तुमचं रोहे कुलाब्यातच.

मग सिनेगॉगकडे वळा. अलिबाग, पनवेल, पुणे, ठाणे, मुंबई इथली सिनेगॉग शंभराहून जास्त वर्षं जुनी आहेत, ठाण्याचं १८७९ चं आहे. लग्नाची नोंद बघायला मिळाली तर उत्तम. आणि दफनभूमीत जा. दगडावर हिब्रू असतं, मराठी असतं, बऱ्याचदा इंग्रजीही, आणि माझा अनुभव असा की इंग्रजी ओळीत मोझेस असतात आणि खालच्या मराठी ओळीत रोहेकर, कारण वरची ओळ साहेबासाठी आणि खालची घरच्यांसाठी. सोबत मऊ ब्रश आणि पाण्याची बाटली न्या, खडू घासू नका, दगड खराब होतो. मराठी ओळ बहुतेक वेळा गवतात गेलेली असते, तिथे बसूनच वाचावी लागते.