मर न येणारी तूर लावली, तरी काही वर्षांनी मर का दिसते?

मर म्हणजे झाड उभ्यानं वाळवणारा बुरशीचा रोग, आणि ती बुरशी बदलते म्हणून. ती काही शिकत नाही. जी टिकते तीच वाढते.

आधी मरच आहे ना ते बघा. वाळलेलं झाड बुडापाशी उभं चिरा. सालीखाली काळपट-तपकिरी रेघा दिसल्या तर ती मरीची बुरशी, फ्युजेरियम उडम. ही मुळातून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. आपल्या काळ्या रानात ओल असूनही झाड तहानेनं मरतं ते यामुळंच.

वनस्पतिरोग शास्त्रज्ञ हॅरॉल्ड फ्लोर यांनी अमेरिकेत 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवलं, की झाडाच्या प्रतिकार-जनुकासमोर बुरशीचं एकेक जोडीचं जनुक असतं. त्यावरून झाड शत्रू ओळखतं. ते जनुक बदललं की ओळखच पुसली. मरीत हिशोब इतका सरळ नाही, पण फ्युजेरियमची खोडी वेगळीच. टोमॅटोवरच्या तिच्या भावकीत रोग पाडणारं अख्खं गुणसूत्र बुरशीच्या एका वाणातून दुसऱ्यात जातं, हे 2010 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. (मला तर वाचून घामच फुटला होता.)

तेव्हा मरीला तोंड देणारी बदनापूरची बीडीएन-711 ही तुरीची जात जरूर लावा, पण त्याच वावरात दरसाल तूर नको. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते. ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी राहते. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. तीही बुरशीच, दुसऱ्या बुरशीला विळखा घालून खाते. फक्त रासायनिक बुरशीनाशकात कालवू नका, तीच मरायची.