मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा

वाचकांचे प्रश्न : घरगुती वीज

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही निवृत्त असून साताऱ्यात स्वतःच्या घरी राहतो. आमचे विजेचे बिल दरमहा साधारण ८५० रुपये येते. मार्च आणि एप्रिल या दोन्ही महिन्यांत रीडिंग घेणारा माणूस आला तेव्हा आमच्या फाटकाला कुलूप होते, त्यामुळे प्रत्येकी ९५ युनिटांची सरासरी बिले आली व ती आम्ही मुदतीत भरली. मे महिन्याचे बिल मात्र ८,२७० रुपयांचे आले आहे. घरात एसी नाही, पाणी गॅसवर तापवतो. कार्यालयात गेलो तर ‘आधी बिल भरा, मग बघू’ एवढेच उत्तर मिळाले. मीटर जोरात पळत असावा, असा आमचा संशय आहे. मीटर तपासणीचा अर्ज करावा का, आणि तोवर बिल भरले नाही तर चालेल का? बिलाची प्रत व ९ जूनला काढलेले मीटरचे छायाचित्र सोबत जोडले आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण पाठवलेले हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, की आपल्या प्रश्नाचा उलगडा होतो. बिलावर ३१ मे रोजीचे चालू रीडिंग १४,८६२ आणि मागील प्रत्यक्ष रीडिंग, म्हणजे फेब्रुवारीअखेरचे, १४,०३८ असे छापले असून त्यांच्यातील फरक, म्हणजे ८२४ युनिट, आपल्या नावावर लागले आहेत. आपण ९ जूनला काढलेल्या छायाचित्रात मात्र मीटरवर १४,३९४ हा आकडा स्वच्छ दिसतो. मीटरचा आकडा पुढेच जातो, मागे येत नाही. तेव्हा नऊ दिवस आधी तो १४,८६२ असणे शक्यच नाही. माझा कयास असा, की ३१ मे रोजी मीटरवर १४,३६२ असताना वाचणाऱ्याने ३ च्या जागी ८ टिपला. या मीटरच्या पडद्यावर इंग्रजी ३ आणि ८ यांच्यात डाव्या बाजूच्या दोन बारीक काड्यांचाच काय तो फरक असतो, आणि काचेवर धूळ असली किंवा ऊन पडलेले असले, की तोही नीट दिसत नाही. या कयासाला आपल्याच मीटरची साक्ष आहे : १४,३६२ पासून १४,३९४ पर्यंत नऊ दिवसांत ३२ युनिट होतात, म्हणजे महिन्याला सुमारे १०७, आणि आपला तीन महिन्यांचा वापरही ३२४ युनिट, म्हणजे दरमहा १०८ इतकाच भरतो.

यावरून आपला मीटर पळत नाही हे दिसते, म्हणून मीटर तपासणीचा अर्ज आता करू नये. त्यासाठी शुल्क भरावे लागेल, मीटर बरोबर असल्याचा अहवाल येईल, आणि तोच अहवाल पुढे करून बिलही बरोबर आहे असे आपल्याला सांगितले जाईल. मूळ चूक बाजूलाच राहील. अर्ज करायचा तो चुकीच्या रीडिंगच्या दुरुस्तीचा. त्यात बिलावरचे दोन्ही आकडे, छायाचित्राची तारीख आणि त्यातील आकडा लिहावा, प्रत्यक्ष जागेवर येऊन आपल्या समक्ष रीडिंग घ्यावे आणि दुरुस्त बिल द्यावे अशी मागणी करावी. अर्ज उपविभागीय कार्यालयात लेखी द्यावा व आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय तेथून उठू नये. तोंडी तक्रारीचा पुढे काहीच माग राहत नाही.

दुरुस्त बिल हाती आल्यावर त्यात दोन गोष्टी तपासाव्यात. सरासरीने आधीच भरलेली १९० युनिट वजा झालेली असली पाहिजेत, म्हणजे नव्याने आकारणी १३४ युनिटांचीच उरते. दुसरे असे, की ३२४ युनिट तीन महिन्यांवर वाटून मग दर लावलेला असावा. घरगुती दराचे टप्पे १ ते १००, १०१ ते ३०० आणि त्यापुढचे असे चढते असतात. तीन महिन्यांचा वापर एकाच महिन्याचा धरला, तर पहिल्या टप्प्याचा स्वस्त दर तीनशे युनिटांऐवजी शंभरच युनिटांना मिळतो. टाळेबंदीत २०२० च्या मार्चअखेर रीडिंग थांबले, थंडीच्या वापरावरून सरासरी बिले निघाली आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा साचलेला वापर एकदम अंगावर आला, तेव्हा असंख्य घरांत याच वाटणीवरून वाद झाले होते. पुष्कळांना ती वाटणी बिलावर कोठे पाहायची हेच ठाऊक नव्हते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता बिल भरण्याविषयी. ते अजिबात न भरणे हा मार्ग घेऊ नका. थकबाकी दिसू लागली, की तक्रारीचा विषय मागे पडतो आणि वसुलीचा पुढे येतो. मात्र पूर्ण ८,२७० रुपये भरलेच पाहिजेत, असेही नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार वीजपुरवठा तोडण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि ग्राहकाने मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. आपल्या बाबतीत ही रक्कम ८५० रुपयांच्या आसपास येईल. ‘ही रक्कम कलम ५६ नुसार निषेध नोंदवून भरत आहे’ हे वाक्य अर्जात लिहावे, पावती जपावी, आणि पुढच्या महिन्यांची चालू बिले वेळच्या वेळी भरावीत. ‘आधी भरा, मग बघू’ म्हणणाऱ्यांना हे कलम शांतपणे दाखवावे. मोजक्या पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसांना दुसऱ्याच्या चुकीपायी आठ हजार रुपये अडकवून ठेवायला सांगणे योग्य नाही, आणि कायदाही तसे सांगत नाही.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालांकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. मंचाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. वकील लावण्याची गरज नाही. तारखांच्या क्रमाने लावलेले कागद पुरेसे होतात.

प्रश्न : आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो. बिल दुप्पट झाले आहे आणि रीडिंग मीटरशी जुळते. मग मीटर बरोबर आहे असेच समजायचे का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : तेवढ्यावरून तसे ठरत नाही. प्रथम घरातला मेन स्विच बंद करून खाली मीटरपाशी जावे आणि लुकलुकणारा लाल दिवा पाच-दहा मिनिटे पाहावा. घरातले सगळे बंद असतानाही तो ठरावीक वेळाने लुकलुकत असेल, तर मीटर आणि आपला मेन स्विच यांच्यामधून कोणाची तरी तार गेलेली असू शकते. जुन्या इमारतींत जिन्यातला दिवा किंवा पाण्याचा पंपही अनवधानाने एखाद्या सभासदाच्या मीटरवर जोडलेला सापडतो.

दिवा थांबला, तर दुसरी परीक्षा करावी. मीटरवर ३२०० इम्पल्स असे काही लिहिलेले असते. म्हणजे एका युनिटमागे दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. बाकी सर्व बंद ठेवून पाण्यात बुडवलेला १,००० वॅटचा रॉड लावला, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवे. वर बटणापाशी एकाने थांबावे, खाली दुसऱ्याने घड्याळ लावून मोजावे, आणि रॉड चालू असताना पाण्याला हात लावू नये. विजेचा दाब कमी-जास्त असल्याने चार-पाचचा फरक पडेल. सत्तर-ऐंशी भरले, तर मात्र मीटर तपासणीचा अर्ज अवश्य करावा. मीटर सदोष निघाल्यास वाद उपस्थित झालेल्या महिन्यापूर्वीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचेच बिल दुरुस्त होते, म्हणून संशय आल्यावर वाट पाहत बसू नये.

दोन्ही परीक्षांत मीटर उतरला, तर वापर खरोखरच वाढला आहे. २,००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. दीड टनी जुना एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिटापर्यंत घेतो. रोज आठ तास तो चालला, की महिन्याची युनिटे बहुधा तीनशेच्या पलीकडे जातात, आणि पलीकडची युनिटे महाग टप्प्यात मोडतात. महाग दर फक्त त्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही.

प्रश्न : नेहमीच्या बिलाबरोबर १,४०० रुपयांचे आणखी एक बिल आले आहे. ते कशाचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : त्यावर ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ असे शब्द आहेत का, ते पाहावे. वर्षभराच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट रक्कम ठेव म्हणून ठेवावी लागते. वापर वाढला, की फरक मागितला जातो. ही ठेव आपल्याच नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलात जमा दाखवले जाते. गेल्या वर्षीचे व्याज जमा झाले आहे की नाही, ते जुन्या बिलांत एकदा तपासून घ्यावे.