इन्सिपिडमधला 'सॅप' कुठं गेला?

चोपड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय, क्लासमध्ये 'लॅटिन रूट्स'ची यादी वाटलीय, त्यात 'सॅप म्हणजे चव' आणि पुढं उदाहरण 'इन्सिपिड'. पोरगा म्हणतो ह्यात सॅप आहेच कुठं? आणि ताई विचारतात, अशी मुळं घोकून इंग्रजी शब्द खरंच वाढतात का.

वाढतात. परीक्षेत जे जडजड शब्द येतात त्यातले बरेचसे लॅटिनमधून आलेले, काही थेट तर काही फ्रेंचच्या मार्गानं, १०६६ ला नॉर्मन लोक इंग्लंडात घुसले आणि मग फ्रेंच शब्दांचा जो लोंढा लागला तो काही शतकं थांबलाच नाही, त्यामुळं एक मूळ नीट कळलं की आठदहा शब्द आपोआप पदरात पडतात. बोलायचं इंग्रजी मात्र ह्यानं सुधरणार नाही. गेट अप, पुट ऑफ, हँग ऑन ही सगळी इंग्रजीची घरची मंडळी, तिथं लॅटिनचं काही चालत नाही. झालं उत्तर.

आता यादीबद्दल. ताईंनी तिचा फोटो पाठवलाय आणि तो बघून डोकं तापलंय. वर ठळक अक्षरात 'लॅटिन रूट्स' आणि खाली पहिल्याच ओळींत बायो, जिओ, क्रोनो, फोबिया. अरे भो, ही सगळी ग्रीक! दोन भाषा शेजारी नांदल्या म्हणून एक होत नाहीत, अहिराणीला गुजराती म्हणून बघा, धुळ्यात कोण ऐकून घेतं ते. आणि हा नुसता शुद्धतेचा सोस नाही, ह्यात पोरांचे मार्क जातात. त्याच यादीत 'पेड म्हणजे पाय' एवढंच लिहिलंय. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर इथपर्यंत ठीक, ते लॅटिनचं 'पेस, पेदिस', आपल्या पदाचंच भावंडं. पण पीडियाट्रिशियन? पेडॅगॉजी? तिथं ग्रीकचं 'पाइस, पाइदोस' आहे, म्हणजे मूल. यादीवर विसंबलेला पोरगा लहान मुलांच्या डॉक्टरला पायाचा डॉक्टर करून मोकळा होणार. तसंच 'होमो'. लॅटिनमध्ये माणूस, ग्रीकमध्ये 'सारखा', आणि होमोजिनियस मधला होमो ग्रीक आहे, त्यात माणूस शोधत बसू नका.

दुसरा वैताग म्हणजे उलट्या टोकाचा, 'सगळं इंग्रजी संस्कृतातूनच गेलंय' वाले फॉरवर्ड. त्यांचा लाडका शब्द नॅव्हिगेशन, म्हणे 'नवगती'चा अपभ्रंश. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज, आपल्या 'नौ'चं भावंडं, इथपर्यंत नातं खरंय. पुढचा तुकडा 'आगेरे' म्हणजे हाकणं, त्याचं संस्कृतातलं भावंडं 'अज्' धातू, गतीचा काही संबंध नाही, आणि शेवटचं 'शन' हा तर नुसता प्रत्यय. विल्यम जोन्स ह्या इंग्रज पंडितानं १७८६ साली कलकत्त्यात जाहीरपणे मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्या एकाच कुळातल्या बहिणी असाव्यात. बहिणी. आई-लेकी नव्हे. एवढा फरक समजला तर दंत-डेंटल, नव-नॉव्हेल, जन्-जनरेट, स्था-स्टेशन, मृत-मॉर्टल ह्या जोड्या मराठी पोराला फुकटात मिळतात, इंग्रज पोराला त्या घोकाव्या लागतात. वोकॅब्युलरी ह्या शब्दाच्याच पोटात 'वाच्'ची बहीण 'वोक्स' बसलीय, पण क्लासवाले ते कधी सांगत नाहीत.

बरं, इन्सिपिड. जुन्या लॅटिनमध्ये शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर जोर असायचा, पुढं उपसर्ग लागला की जोर त्याच्यावर गेला आणि मुळातला 'अ' बिचारा दबून कधी 'इ' झाला, कधी 'ए'. सापिदुस म्हणजे चवदार, 'इन' लागून इन्सिपिदुस, बेचव. हाच प्रकार सगळीकडं. फाकेरे म्हणजे करणं, त्याचं फॅक्ट आणि फॅक्टरी, पण उपसर्ग लागला की डेफिसिट, एफिशियंट, डिफेक्ट. आन्नुस म्हणजे वर्ष, त्याचं ॲनिव्हर्सरी, पण बारमाही म्हणजे पेरेनियल. कापेरे म्हणजे धरणं, त्याचं कॅप्चर, पण घेणारा तो रेसिपियंट. ही एक खोड कळली की यादीतले निम्मे 'अपवाद' गळून पडतात, आणि हीच गोष्ट यादीत कुठंच नाही.

उपसर्गांचंही तेच. 'इल, इम, इर हे नकारार्थी उपसर्ग वेगवेगळे पाठ करा' असं छापलंय. अहो वेगवेगळे कसले, शाळेत व्यंजनसंधी केलीय ना? उत् अधिक लेख उल्लेख, सत् अधिक जन सज्जन. तसंच इन अधिक लीगल इल्लीगल, इन अधिक पॉसिबल इम्पॉसिबल, इन अधिक रेग्युलर इर्रेग्युलर. एकच उपसर्ग, पुढच्या अक्षराला बघून रंग बदलतो. फक्त प्रत्येक 'इन' नकारार्थी नसतो, टँकरच्या मागं 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं तिथला 'इन' म्हणजे 'आत', 'पेट घेणारं' असा अर्थ. तिथं नकार समजून कोणी बिडी पेटवू नये.

आणि हो, केमिस्ट्रीतलं सॅपोनिफिकेशन ह्या सॅपमध्ये घुसडू नका, ते 'सापो' म्हणजे साबण, वेगळं मूळ.

आता खरी गंमत. ते 'सापेरे' क्रियापद मुळात चवीचं. चव असणं, चव कळणं, आणि त्यावरून जाण असणं, शहाणं असणं. म्हणजे रोमन माणसाच्या लेखी शहाणा तो, ज्याला चव कळते. आपण रस कळणाऱ्याला रसिक म्हणतो पण तिथंच थांबतो, रोमन लोक त्याच पायवाटेनं पार अकलेपर्यंत गेले. त्याच क्रियापदापासून सापिएन्स, शहाणा, आणि झाडा-प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली आपल्या सगळ्यांचं नाव ठेवलं होमो सापियन्स. आणि लगेच पुढच्या वर्षी, १७५९ ला, ह्याच बाबानं हेच विशेषण आणखी कोणाला चिकटवलं माहितीये? केळीला! मुसा सापिएन्टुम. 'सापिएन्टुम' ही षष्ठी, बहुवचन, म्हणजे 'शहाण्यांची'. शहाण्यांची केळी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसानं हे वाचून छाती फुगवली नाही तर काय उपयोग. लिनियसचं केळीशी जुनं सूत होतं, १७३६ मध्ये हॉलंडातल्या एका श्रीमंताच्या काचघरात केळीला फूल आलं त्यावर त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं होतं. आपल्याकडं बांधावर केळीचं कमळ लोंबतं तर ढुंकून कोणी बघत नाही. आज शास्त्रज्ञ हे सापिएन्टुम नाव वापरत नाहीत, केळींची वर्गवारी नव्यानं झाली, पण म्हणून शब्दाची मजा कमी होत नाही.

केळीवर आलोच आहे तर 'जी नाईन'चंही उरकतो, कारण हे ऐकून ऐकून कान किटलेत. टिश्यू कल्चरची रोपं विकणारे बोर्डावर 'जी-९' असा ठसठशीत मराठी नऊ काढतात. कोणी सांगतं नऊ फण्या पडतात म्हणून नऊ, कोणी सांगतं परदेशातलं नवव्या नंबरचं वाण. काही नाही. वाणाचं नाव ग्रँड नेन, फ्रेंच आहे, 'नेन' म्हणजे बुटकी. मूळ लॅटिन 'नानुस', त्याच्याआधी ग्रीक 'नानोस', बुटका माणूस. टाटांची नॅनो आणि मोबाइलमधलं नॅनो सिम त्याच घरातलं. मोठी बुटकी असं विचित्र नाव का, तर ही बसराई ह्या बुटक्या जातीपेक्षा उंच पण उंच जातींपेक्षा ठेंगणी. लेबलवर इंग्रजीत 'नेन' लिहिलं, आपण 'नाईन' वाचलं, मग कोणीतरी शहाण्यानं त्याचा आकडा केला. बागेत शोभतं, पण कृषी पदविकेच्या पोरांच्या नोट्समध्येसुद्धा नऊच, हे काही पचत नाही.

हां, तर शहाण्यांची केळी हे लिनियसच्या डोक्यातून आलेलं नाही. ते आलं प्लिनीकडून, रोमचा तो ज्ञानकोशकार, व्हेसुव्हियस फुटला तेव्हा इसवी सन ७९ मध्ये गेला तो. तो हिंदुस्थानातल्या एका झाडाचं वर्णन करतो, अलेक्झांडरची स्वारी जिथं संपली त्या मुलखात हे झाड फार, इथले ज्ञानी लोक त्याचं फळ खाऊन राहतात, झाडाचं नाव 'पाला' आणि फळाचं 'आरिएना'. इथं विद्वानांचे दोन तट. एक म्हणतो केळ, दुसरा म्हणतो फणस. फणसवाल्यांचं म्हणणं, तमिळमध्ये फणसाला 'पला' म्हणतात, आणि प्लिनी सांगतो की फळ सालीतून फुटतं आणि एका फळात चौघांचं पोट भरतं, म्हणजे फणसच.

मला हे अजिबात मान्य नाही. प्लिनीनं पान कसं सांगितलंय? पक्ष्याच्या पंखासारखं, तीन क्यूबिट लांब, दोन रुंद. क्यूबिट म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपला हातच, लॅटिनमध्ये 'क्युबितुम' म्हणजे कोपर. तीन हात लांबीचं पान! फणसाचं पान तळहातावर मावतं. केळीचं पान मधल्या दांड्यापासून दोन्हीकडं उतरतं, वाऱ्यानं चिरलं की पिसांसारखं दिसतं, पंखाची उपमा दुसऱ्या कुठल्या पानाला द्याल? सालीतून फळ म्हणाल तर केळीचं खोड म्हणजे सालीवर साल, सोपटावर सोपट, आणि घड त्याच्या मधूनच वर येतो. चौघांचं पोट भरण्याचं म्हणाल तर ऐकणाऱ्यानं घडाला फळ समजलं, एवढंच झालं असणार. हा प्लिनी स्वतः कुठं आला होता इथं, ऐकीव माहिती लिहून काढत होता. आणि 'आरिएना'चं काय करणार? अमरकोशात केळीची नावं आहेत, कदली, वारणबुसा, रंभा, मोचा. वारण म्हणजे हत्ती. 'वारण' मधला 'व' ग्रीकांच्या तोंडी गळाला की 'आरण', त्याचं 'आरिएना' व्हायला किती वेळ? फणसाच्या कुठल्या संस्कृत नावातून आरिएना निघतं ते कोणी काढून दाखवावं.

त्याच अमरकोशातल्या 'मोचा'वरून मी आणखी एक पाऊल टाकतो. केळीच्या शास्त्रीय नावातलं 'मुसा' अरबी 'मौज'वरून आलं हे बहुतेक सगळे मानतात, आणि अरबांनी तो शब्द 'मोचा'वरून उचलला असं काहीजण म्हणतात, मीही त्यांच्यातलाच. काही जुन्या पुस्तकांत मात्र अजून असं सापडतं की ऑगस्टस बादशहाच्या अंतोनियुस मुसा नावाच्या वैद्यावरून केळीला नाव दिलं. थंड पाण्यानं बादशहाला बरा करणारा वैद्य तो, केळीशी त्याचा काय संबंध, नाव जुळलं की कोणालाही बाप करायचं हा कोशकारांचा जुना रोग आहे.

फणसवाल्यांनी जरूर उत्तर द्यावं. फक्त आधी तीन हात लांबीचं फणसाचं पान घेऊन यावं, मग बोलू.