घरातल्या छोट्या बारची मापं आणि मांडणी

हॉलच्या कोपऱ्यात पाहुण्यांसाठी छोटा बार करायचा तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. उंचीपासून करा, कपाटं नंतर बघू.

बार काउंटर साधारण १०५ ते १०७ सेंटीमीटर उंच असतो. त्याला ७५ सेंटीमीटरच्या आसपास बैठकीची उंची असलेली स्टुलं लागतात, म्हणजे मांड्यांसाठी २५ ते ३० सेंटीमीटर जागा उरते. बरेच जण दिसायला छान म्हणून स्टुलं आधी घेतात आणि इथेच फसतात. माणशी ६० सेंटीमीटर रुंदी धरा. पाय टेकवायला खाली दांडा लावाच, नाहीतर लोंबते पाय घेऊन कोणी फार वेळ बसत नाही. काउंटरमागे वावरायला ९० सेंटीमीटर तरी मोकळे ठेवा.

वरच्या फरशीला संगमरवर नको. लिंबाच्या रसाने त्याची झिलई जाते आणि फिकट चट्टे उरतात. ग्रॅनाइट घ्या.

बाटल्यांवर ऊन येऊ देऊ नका. व्हिस्की, रम उभ्याच ठेवा, कारण तीव्र मद्य बुचाला लागून राहिलं की बूच खराब होतं. बुचाची वाइन मात्र जास्त दिवस ठेवायची असेल तर आडवी ठेवा, बूच ओलं राहतं. दिवे पिवळसर आणि मंद करता येतील असे.

न पिणाऱ्यांची सरबतं, सोडा, पाणी याच काउंटरवर मांडा, वेगळ्या टेबलावर नको. त्यांनाही तिथेच गप्पा मारायच्या असतात. घरात लहान मुलं असतील तर कपाटाला कुलूप हवंच.