घोडावाली खरी की बिनघोड्याची?

प्रश्न: ल्युमिएर बंधूंची कारखाना सुटल्याची फिल्म मी मोबाईलवर बघितली, एका व्हिडिओत घोडागाडी बाहेर येते, दुसऱ्यात घोडाच नाही. यातली खरी कुठली? आणि ती माणसं आपसूक निघालीयत की सांगून काढलीयत? – एक वाचक, सांगली

उत्तर: दोन्ही खऱ्याच, आणि तिसरीही आहे! सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या या दोन भावांपैकी लुई ल्युमिएरनं फ्रान्समधल्या लिऑं शहराच्या मोंप्लेझीर भागात आपल्याच कारखान्याच्या गेटसमोर कॅमेरा लावून हा प्रसंग निदान तीनदा शूट केला, एकात एका घोड्याची गाडी, एकात दोन घोड्यांची, आणि एकात गाडीच नाही. पहिली फिल्म मार्च १८९५ मधली. कपडे बघा, सावल्या बघा, एका दिवसाचं काम नाही हे लगेच कळतं. कारखाना फोटोच्या काचेच्या प्लेट बनवायचा, म्हणून बाहेर पडणाऱ्यांत बायका एवढ्या दिसतात.

आता ठरवून का? तर हो, बऱ्यापैकी. रीळ सतरा मीटरच्या आसपास, हातानं हँडल फिरवायचं, पन्नास सेकंदांत संपलं की संपलं, मग एवढ्यात सगळे बाहेर यायचे तर आधी सांगावं लागणारच ना! आणि ही मालकाच्या कॅमेऱ्यासमोरून जाणारी त्याचीच माणसं, तरी जवळपास कुणीच लेन्सकडे बघत नाही, हे आपोआप होत नाही हो.

पण म्हणून ती खोटी असं कृपा करून म्हणू नका, मला ते अजिबात पटत नाही. निघायची वेळ मालकानं ठरवली असेल, पण चाल ज्याची त्याची आहे. कुत्रा पायात घुटमळतो, कुणी सायकल काढतो, एका फिल्ममध्ये तर एक बाई दुसरीचा स्कर्ट मागून ओढते आणि दोघी दोन दिशांना जातात. ती खोडी कुणी शिकवलेली वाटतच नाही, माझा जीव त्या एका क्षणावर आहे.

आपल्याकडेही हा विषय फार लवकर पोचला बरं का, ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा पहिला खेळ झाला, एक रुपया तिकीट, आणि कार्यक्रमात कारखाना सुटतानाची फिल्म होती. पॅरिसच्या ग्रँड कॅफेतल्या तिकीट लावून झालेल्या खेळाला, म्हणजे २८ डिसेंबर १८९५ ला, तेव्हा सात महिनेसुद्धा झाले नव्हते!

एक सांगते, माणसं पळाल्यासारखी दिसत असतील तर तो व्हिडिओ सोडून द्या. या फिल्म सेकंदाला साधारण सोळा फ्रेमच्या, त्या चोवीसनं चालवल्या की सगळे धावायला लागतात. बरोबर वेगाचा शोधा, वरून चिकटवलेलं म्युझिक बंद करा आणि तिन्ही लागोपाठ बघा, प्रत्येक वेळी गेटच्या वेगळ्या बाजूवर नजर ठेवून.