टायडल टर्बाइनच्या प्रोजेक्टमध्ये सहा जणांनी कामं कशी वाटून घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की चार मेकॅनिकलचे, दोन इलेक्ट्रिकलचे, खाडीतल्या भरती-ओहोटीच्या पाण्यावर फिरून वीज बनवणारं छोटं टर्बाइन करायचंय आणि कोणी काय करायचं यावरूनच वाजायला लागलंय. माझं सरळ मत, ब्रँचप्रमाणे वाटणी करू नका. मेकॅनिकलवाले ब्लेड बनवणार, इलेक्ट्रिकलवाले जनरेटर आणणार आणि सबमिशनच्या आधी दोन्ही जोडणार, असं ठरवलंत की गाडी जोडायच्या वेळीच अडकते.

का ते बघा. रोटर (म्हणजे पात्यांचं फिरणारं चक्र) अर्धा मीटर व्यासाचा आणि पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर धरला तर त्या पाण्यात साधारण 100 वॅट असतात, हाताने बनवलेल्या रोटरने त्यातले 30 काढले तरी खूप झालं. फिरणार मिनिटाला दीडशेच्या आसपास, आणि जनरेटर म्हणून वापरायला बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच मोटरींना हजाराच्या वर आरपीएम (मिनिटाचे फेरे) लागतो, मग गिअर आले, गिअर आले की घर्षण आलं आणि कमी वेगाला रोटर सुरूच होत नाही. ब्लेडवाल्याचंही बरोबर, जनरेटरवाल्याचंही बरोबर, फक्त मधल्या शाफ्टचा कोणी वाली नाही. म्हणून एक मेकॅनिकल आणि एक इलेक्ट्रिकल अशी जोडी करून रोटरपासून बॅटरीपर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात घाला, टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएम त्यांनीच ठरवायचा.

दुसरी जोडी पाण्याची. हे काम कोणालाच नको असतं पण खरी मेख इथेच आहे, कारण पॉवर वेगाच्या घनाने बदलते, वेग निम्मा झाला की पॉवर आठव्या हिश्श्यावर. अर्धवट बुडणारा नारळ सोडायचा, दहा मीटर अंतर, मोबाईलचं स्टॉपवॉच, आलेल्या वेगाला 0.85 ने गुणायचं (वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं). उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) मोजा आणि भांगालाही (अष्टमीच्या आसपासची छोटी भरती) मोजा, नुसतं पौर्णिमेला मोजून डिझाइन केलंत तर अष्टमीला टर्बाइन ढिम्म हलणार नाही. वेळेसाठी आपल्या कोकणातला कोळ्यांचा हिशोब चालतो, तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला भरती पूर्ण, आणि ओढ जास्त मिळते ती भरती-ओहोटीच्या मधल्या वेळेत. टेस्टिंगची तारीख, जेट्टीची परवानगी, लाइफ जॅकेट हेही याच जोडीकडे.

उरलेल्यांपैकी एकाकडे फ्रेम आणि सील, शाफ्ट सीलमधून पाणी शिरलं की बाकीच्यांची मेहनत गेली, तेव्हा जो सगळ्यात काटेकोर स्वभावाचा आहे त्याला द्या.

सहाव्याकडे फक्त एक शीट, त्यात वेग, टॉर्क, वजन, खर्च, आणि कोणीही आकडा बदलला तर आधी त्याला सांगायचं. हे काम हलकं वाटतं म्हणून कामचुकार पोराला देतात, तसं करू नका. लीडर मात्र दुसऱ्या कोणाला तरी करा, आकडे वाईट आले की लीडरला ते झाकावेसे वाटतात.

खाडी कुठली आणि रोटर केवढा ठरलाय ते कळलं तर जनरेटर कुठला घ्यावा हेही सांगता येईल.